कंपनीचा ‘पर्यावरण’ गेम करायला घ्यावा का? आधी त्या गेमचे नियम तपासा

प्रश्न सोलापूरच्या एका तरुण गेम डेव्हलपरचा आहे. दोन मित्रांबरोबर ते छोटा स्टुडिओ चालवतात. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका स्थानिक कंपनीने त्यांच्याकडे शाळकरी मुलांसाठी मोबाइल गेम मागितला आहे. गेममध्ये एक गाव आहे. मुलाने नळ बंद करायचे, झाडं लावायची, कचरा वेगळा करायचा, की गावचं तळं भरतं आणि कंपनीचं चिन्ह असलेलं कमळ उमलतं. रोज गेम उघडला की सलग दिवसांचा आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. ठरावीक गुण झाले की टॉवेलच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. कंपनी हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवणार आहे. ते विचारतात: “दावे कंपनीचे, आम्ही फक्त गेम बनवणार. मग आमची जबाबदारी कुठवर? आणि आम्ही नाही म्हटलं तर दुसरा कोणीतरी करेलच, मग नाही म्हणून उपयोग काय?”

मी काही वर्षं सोलापुरातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात, सांडपाण्याचं काम पाहिलं. त्यानंतर आजवर कारखान्यांसाठी प्रशिक्षणाचे आणि शाळांसाठी शिकवण्याचे गेम डिझाइन करत आले आहे. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही अंगांनी माहितीतला आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. म्हणून जरा लांबण लावते.

आधी प्रश्नच सरळ करून घेऊ. दावे कंपनीचे आणि काम तुमचं, अशी वाटणी जाहिरातीच्या फलकाबाबत एक वेळ चालेल. तिथे मजकूर कंपनी देते, रंगारी रंगवतो. गेमचं तसं नाही. गेममध्ये दावा मजकुरात नसतो, नियमात असतो. ‘नळ बंद केला की तळं भरतं’ हा नियम तुम्ही कोडमध्ये लिहिता, तेव्हा तुम्ही मुलाला सांगता की तळं आटायचं कारण घरातला उघडा नळ आहे. हे वाक्य कंपनीने तुम्हाला कागदावर लिहून दिलेलं नाही. कशाने काय घडतं, कोण काय बिघडवतं आणि सुधारायचं कोणी, हे सगळं डिझायनर ठरवतो. खेळणाऱ्याच्या डोक्यात राहतं तेही हेच. चित्रं आणि संवाद तो महिन्याभरात विसरतो.

आता हा नियम आपल्या शहरात नेऊन बघा. सोलापूरला उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून येतं आणि नळाला काही दिवसांआड सुटतं. पाणी सुटायच्या वेळी आईबरोबर उठून पिंप, घागरी, बादल्या भरणारी पूर्व भागातली पोर तुमचा गेम खेळणार आहे. तिला पाणी जपायला शिकवायची गरज नाही. ते ती कळायला लागल्यापासून जपते आहे. आणि ज्या पैशातून हा गेम बनतो तो जिथून आला, ते डाइंगचं, म्हणजे रंगवण्याचं, युनिट त्या गावात कुठे आहे? पडद्यावर तळं आहे, नळ आहे, मूल आहे, आणि कंपनी फक्त कमळात आहे. माझा आक्षेप इथे आहे. पाणी वाचवा म्हणण्यात खोटं काही नाही, पण पाण्याच्या हिशेबातला मोठा वाटेकरी पडद्यावरून उचलून ठेवायचा आणि हिशेब मुलाकडे मागायचा, हे मला पटत नाही.

हे दुसरीकडेही झालेलं आहे. २००७ साली शेव्हरॉन या तेलकंपनीने ‘एनर्जीव्हिल’ नावाचा ऑनलाइन गेम काढला. एका शहरासाठी ऊर्जेचे स्रोत खेळाडूने निवडायचे. गेम नीट बनवलेला होता, माहितीही भरपूर होती. पण प्रश्न ‘तुम्ही काय निवडाल’ असा होता, आणि तो विचारणारी कंपनी स्वतः काय निवडते आहे हे खेळात येत नव्हतं. डिझायनर म्हणून मी कोणताही प्रायोजित गेम पाहते तेव्हा पहिली गोष्ट हीच तपासते: प्रायोजक या खेळात कुठे उभा आहे, खेळाडूंमध्ये की पंचाच्या जागी?

आता कंपनीच्या आतलं सांगते, कारण ते कळल्याशिवाय तुम्हाला तिच्याशी बोलता येणार नाही. सुती टॉवेलवर गडद लाल किंवा निळा रंग बसवायला बहुतेक ठिकाणी रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. रंगाने पाण्यातून धाग्याकडे वळावं म्हणून त्यात मीठ घालावं लागतं. गडद छटेला लिटरमागे ५० ग्रॅमच्या वरही जातं. रंगाचा साधारण ६० ते ८० टक्के भाग धाग्यावर बसतो, उरलेला धुण्याच्या पाण्यातून बाहेर येतो. मीठ मात्र जवळजवळ सगळंच बाहेर येतं. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, गाळ खाली बसतो, जिवाणू सेंद्रिय भाग खातात, पाण्याचा रंग उतरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी स्वच्छ झालं. पण विरघळलेलं मीठ तिथे हलत नाही. ते काढायला आरओ लागतो, आरओतून उरलेलं खारट पाणी आटवायला बाष्पक लागतो. बाष्पकाला वाफ लागते, आणि वाफेला इंधन. सगळी यंत्रणा नीट चालवली तर रोजचा खर्च मालकाच्या डोळ्यांत खुपतो, आणि तो टॉवेलच्या भावात मागितला तर परदेशी खरेदीदार दुसरीकडे वळतो. हे मीठ नाल्यात गेलं की पुढच्या विहिरी आणि जमिनी खराब होतात. तमिळनाडूतल्या तिरुपूरला नोय्यल नदीच्या काठी नेमकं हेच झालं, आणि जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली शेकडो डाइंग आणि ब्लीचिंग युनिटं बंद करायला लावली. त्यानंतर तिथे शून्य सांडपाण्याची, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडण्याची, यंत्रणा गांभीर्याने बसली.

हे सांगण्यात तुमच्या कंपनीवर संशय घेण्याचा हेतू नाही. ती हे सगळं उत्तम करतही असेल. सोलापुरात मी असे मालक पाहिलेत जे पोटाला चिमटा घेऊन ईटीपी चालवतात आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. म्हणूनच पहिल्या बैठकीत गोष्ट, पात्रं, रंगसंगती यांच्या आधी कागद मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा चालू कन्सेंट, म्हणजे संमतिपत्र, मागा. त्यात रोज किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे आणि त्याचं पुढे काय करायचं, हे लिहिलेलं असतं. मंडळाच्या संकेतस्थळावरही कन्सेंट शोधता येतात. मग गेल्या वर्षभरात पाणी किती घेतलं, किती पुन्हा वापरलं, बाहेर जाणाऱ्या पाण्याचे प्रयोगशाळेचे अहवाल काय म्हणतात, हे विचारा. अहवालात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घटक, हा आकडा शोधा. मिठाची गोष्ट तिथेच सापडते.

इथे एक फसगत टाळा. कंपनी तुम्हाला ओइको-टेक्स स्टँडर्ड १००चं प्रमाणपत्र दाखवेल. प्रमाणपत्र खरं असतं, पण ते तयार टॉवेलात अंगाला घातक रसायनं नाहीत याची ग्वाही देतं. कारखान्यामागच्या नाल्याबद्दल ते काही सांगत नाही. सेंद्रिय कापडासाठीच्या जीओटीएससारखी प्रमाणपत्रं सांडपाण्याकडेही पाहतात. तेव्हा कुठला कागद कशाबद्दल बोलतो हे कळल्याशिवाय एकाही प्रमाणपत्राचं चिन्ह गेममध्ये टाकू नका.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करते. कंपनी सूचिबद्ध असून बाजारमूल्याने पहिल्या हजारात असेल, तर सेबीच्या नियमांनुसार २०२२-२३पासून तिला पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल, म्हणजे बीआरएसआर, द्यावाच लागतो. मग आकडे जाहीरच असतात, तुमचं काम सोपं. आपल्याकडची बहुतेक टॉवेल-चादरीची युनिटं त्या यादीत नाहीत. त्यांच्याकडे आकडे असतात, पण फायलीत. ते दाखवायला वेळ लागला म्हणून लगेच वाईट अर्थ काढू नका. मागितल्यावर हसून विषय बदलला, तर मात्र अर्थ काढा.

आता समजा कागद मिळाले आणि कंपनी बऱ्यापैकी प्रामाणिक निघाली. मग गेम कसा असावा? मी असते तर मुलाला प्रोसेस हाउसच्या सुपरवायझरच्या जागी बसवलं असतं. ऑर्डर येते: इतके गडद लाल टॉवेल, अमुक दिवसांत. टाकीत पाणी इतकंच आहे. मीठ घालायचं तर ते पुढे कुठेतरी निघणार. आरओ चालवला तर विजेचं बिल वाढतं, नाही चालवला तर खालच्या शेतकऱ्याची विहीर खारी होते आणि तो दारात येतो. फिकट रंगाचे टॉवेल खरेदीदाराच्या गळी उतरवता आले तर मीठ कमी लागतं. कमी मिठात बसणारे रंग घ्यावेत, तर ते महाग. असा गेम चौथीतल्या मुलालाही खेळता येतो, फक्त आकडे थोडे ठेवायचे आणि परिणाम डोळ्यांना दिसतील असे करायचे. यात कंपनीची बदनामी होत नाही. तिने बाष्पकावर घातलेला पैसा का घातला, हे लोकांना पहिल्यांदा समजतं. तळ्यातल्या कमळाने हे कधीच समजणार नाही.

माझ्या कामातला एक अनुभव इथे लागू पडतो. एका कारखान्यासाठी ईटीपी चालवणाऱ्यांचा प्रशिक्षण-गेम करत होतो. त्यात मी बायपासचा व्हॉल्व्ह ठेवला होता, म्हणजे शुद्ध न केलेलं सांडपाणी परस्पर बाहेर सोडणारा. रात्रपाळीत टाकी भरत आली की खेळाडूला तो उघडायचा मोह व्हावा, आणि उघडला की तीन पातळ्यांनंतर त्याचा परिणाम समोर यावा, अशी रचना होती. व्यवस्थापनातल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं, “व्हॉल्व्ह काढा. आमच्याकडे असं होत नाही.” मी त्यांना विनंती केली की चाचणी आधी कामगारांसोबत होऊ द्या, मग ठरवू. चाचणीत ऑपरेटर त्या पातळीला आले आणि सगळे एकदम बोलायला लागले. व्हॉल्व्ह कधी उघडावासा वाटतो, कोण फोन करतं, पंप बिघडला तर रात्री मेकॅनिक का मिळत नाही, सगळं बाहेर आलं. व्हॉल्व्ह गेममध्ये राहिला, आणि रात्रपाळीसाठी जादा पंपाची मंजुरीही निघाली. गेमने नदी वाचवली असं मी म्हणत नाही. पण खरा मोह नियमात ठेवला म्हणून खरी अडचण बोलली गेली. तो काढला असता तर एक गोंडस, बिनकामाचा गेम हातात राहिला असता.

कायद्याकडे वळू, कारण ‘आम्ही फक्त बनवणार’ हे कायद्यालाही पूर्ण मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. नुकसान करणारी बाजू झाकून चांगलीच बाजू पुढे करणारे शब्द, चिन्हं, चित्रं या सगळ्यांचा त्यात विचार आहे. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ असे मोघम शब्द आधाराशिवाय वापरता येत नाहीत. उत्पादकाबरोबरच जाहिरात करून देणारी संस्थाही त्या सूचनांच्या कक्षेत येते. कूपन देणारा, कंपनीचं चिन्ह मिरवणारा गेम हा जाहिरात धरला जाण्याची पुरेपूर शक्यता आहे. नुसता हिरवा रंग वापरणं हा गुन्हा नाही, तेवढं घाबरू नका. पण करार करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा. आणि सीएसआरचं म्हणाल, तर आपल्या मालाच्या विपणनाला फायदा व्हावा म्हणून प्रायोजित केलेला उपक्रम सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे २०२१च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. टॉवेलचं कूपन आणि सीएसआर एकत्र नांदणार नाहीत. हे कंपनीला तुम्हीच सांगा. त्यांच्या लेखापालाला ते लगेच पटेल आणि कूपन आपोआप जाईल.

आता त्या ‘सलग दिवसां’च्या आकड्याबद्दल. तुमच्या प्रश्नात तो ओझरता आला आहे, पण माझ्या दृष्टीने दाव्यांइतकाच तो गंभीर आहे. एक दिवस चुकला की शून्य, ही भीती आहे, आणि ती मुलाला रोज गेमकडे आणते. मोठ्यांच्या बाबतीत मी यावर थोडा वाद घालेन. मुलांच्या बाबतीत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत एकच स्मार्टफोन असतो. तो आईचा किंवा वडिलांचा असतो आणि त्याच्यावर कामाचे फोन येतात. विड्या वळून किंवा पॅकिंगला जाऊन घर चालवणाऱ्या बाईकडे मुलाने रोज फोन मागावा, नाही मिळाला तर रडावं, यात शाश्वत काय आहे? ‘पर्यावरण’ शिकवणाऱ्या गेमने घरातल्या एका माणसाच्या वेळेवर आणि डेटा पॅकवर डल्ला मारायचा हे मला सहन होत नाही.

जगातही यावर मोठी किंमत मोजली गेली आहे. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याच्या भंगापोटी होते आणि साडेचोवीस कोटी खेळाडूंना नकळत खरेदी करायला लावणाऱ्या रचनेपोटी. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्याच ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार दिलेले आहेत. खोटी घाई, लाज वाटायला लावणं, सतत टोचत राहणं, वेश पालटून केलेली जाहिरात, हे सगळे त्यात आहेत. शेवटचा प्रकार तुमच्या कमळाला थेट लागू होऊ शकतो. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. यात चुकलं तर दंडाची मर्यादा २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. कायदा पूर्ण लागू होईपर्यंत थांबायचं कारण नाही. शाळेसाठीच्या गेममध्ये मुलाचं नाव, फोन क्रमांक, ठिकाण यांतलं काहीच घेऊ नका. ज्याची गरज नाही ते गोळाच केलं नाही, की सांभाळायचंही राहत नाही.

माझ्या गेममध्ये मी शेवट ठेवते. पाच-सहा पातळ्या, प्रत्येक दहा-पंधरा मिनिटांची, आणि मग गेम संपतो. पुन्हा खेळायचा तर खेळा, पण तो बोलावत नाही. ग्राहकाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “मग रोज किती मुलं उघडतात हे अहवालात काय दाखवायचं?” त्यांना सांगा, मुलांना नंतर काय समजलं ते दाखवू. वर्गात शिक्षकांनी विचारायचे चार प्रश्न गेमसोबतच द्या. टॉवेल रंगवल्यावर मीठ कुठे जातं, हे मुलाला सांगता आलं तर गेमने काम केलं.

गेम ज्या फोनवर चालणार, तोही या हिशेबात धरा. स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच झालेला असतो. म्हणून जुना फोन जितका जास्त चालेल तितकं बरं. गेम जड करून चार वर्षांपूर्वीच्या फोनला दम आणायचा आणि त्याच गेममध्ये निसर्ग वाचवा म्हणायचं, हे जुळत नाही. सेकंदाला ३० फ्रेमवर थांबा, डाउनलोड लहान ठेवा, नेटशिवाय चालू द्या. यात कंपनीची परवानगीही लागत नाही. हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, “दुसरा कोणीतरी करेलच.” हो, करेल. हे मी नाकारत नाही, आणि तुमच्या नकाराने बाजार बदलेल अशी खोटी आशाही देत नाही. पण तुम्ही लगेच नकाराकडे जाताय, मधलं सगळं सोडून. माझ्या अनुभवात बहुतेक ग्राहक वाईट गेम मागत नाहीत. त्यांनी कुठेतरी पाहिलेला गेम मागतात. चांगला पर्याय, खर्चासकट, समोर ठेवला तर निम्मे तरी ऐकून घेतात. म्हणून नाही म्हणण्याआधी दोन पानी प्रस्ताव लिहा. ‘तुमचा गेम असा, आमचा असा, त्याला इतका वेळ आणि इतके पैसे, आणि तुमचा फायदा हा.’ मुलांच्या गेममधून उद्या फसव्या दाव्याची तक्रार उभी राहू नये, हा फायदा कुठल्याही निर्यातदाराला समजतो. त्याच्या परदेशी खरेदीदाराला तर त्याहून जास्त समजतो.

पैशांची अडचण असेल तर तीही लपवू नका, निदान स्वतःपासून. तीन जणांच्या स्टुडिओला पगार द्यायचे असतात, आणि घरी बसून तत्त्वं सांगणं सोपं असतं. पूर्ण प्रस्ताव मान्य झाला नाही आणि काम घेणं भागच असेल, तर मी कुठे अडून बसले असते ते सांगते. सलग दिवसांची शिक्षा आणि मुलांचा डेटा, या दोन गोष्टींवर अजिबात माघार नाही. कूपनही नाही. कागद न दाखवता केलेला एकही पर्यावरणाचा दावा नाही. गाव, झाडं, नळ राहिले तर राहू द्या, फक्त त्या गावात एक डाइंग युनिट दिसू दे आणि तेही पाणी घेऊ दे. एवढ्या एका नियमाने गेमचा अर्थ बदलतो. हेही नको म्हणाले, तर मग काम सोडा, आणि कारण त्यांना स्पष्ट सांगा.

करारात तीन कलमं घाला. पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याखाली त्याचा स्रोत आणि वर्ष दिसेल. आकडा जुना झाला किंवा चुकीचा निघाला तर तो बदलायचा किंवा काढायचा अधिकार तुम्हाला राहील, आणि त्याचे पैसे कंपनी देईल. तुम्ही दिलेला गेम कंपनीने तुमच्या संमतीशिवाय बदलला, तर तुमचं नाव त्यावरून काढलं जाईल. पहिल्या कलमाला विरोध होत नाही. दुसऱ्याला होतो, आणि तो कोण करतं, विपणनवाले की पर्यावरण विभाग, हे लक्ष देऊन पाहा.

बैठकीला पर्यावरण विभागाच्या माणसाला बोलवायला सांगा. तो नुसता विपणनवाल्यांच्या मागे बसला असेल तर चहाच्या वेळी त्याच्याशी बोला आणि ईटीपी पाहायची इच्छा सांगा. कन्सेंट आणि टीडीएसचे अहवाल हाती आले की कंपनीचं नाव झाकून आकडे इथे टाका, ते कसे वाचायचे ते मी सांगेन.